लेकीच्या नीटसाठी आक्काचं बिऱ्हाड लातूरला : एका घराचं प्रकरण

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या एका गावात राहते. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण दहावी. घरची साडेपाच एकर जमीन, त्यात दीड एकर हळद, बाकी सोयाबीन आणि तूर. दोन म्हशी. घरात दाजी, सासूबाई, दहावी झालेली लेक आणि सातवीत जाणारा लेक. 13 मे 2025 ला दहावीचा निकाल लागला. भाचीला नव्वदच्या वर टक्के पडले आणि त्याच आठवड्यात घरात ठरलं : पोरीला लातूरला टाकायचं, नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, तयारी करायची, आणि सोबत आक्कानं जायचं.

हे ठरलं तेव्हा मी तिथंच बसले होते. पोरीची फी, क्लास, पुस्तकं, सायकल यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. आक्काच्या जाण्यावर कुणी बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. आई आहे म्हटल्यावर ती जाणारच. आक्का आत भाकरी थापत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "तुम्ही ठरवा, मी हाय की."

मी नांदेडला नोकरी करते. बिऱ्हाड हलवायची सगळी जबाबदारी माझ्याकडं आली, कारण आमच्यात लातूरची माहिती असलेली मीच. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कितीतरी घरांत हेच घडतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं आणि आजही तेच आहे : शिक्षण पोरीचं असलं तरी गाव सुटतं ते आईचं. तेव्हा खोली, पैसा, कागद, दिवसाचा वेळ या सगळ्याचा विचार आक्काला धरून व्हायला हवा. ती पोरीच्या सामानातली एक वस्तू म्हणून जायला नको.

लातूरच का, आणि आईच का

राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या बोर्डाच्या निकालांमुळं 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं. पुढं वैद्यकीय प्रवेश नीटवर आले तसं शहरही नीटकडं वळलं. आज उद्योग भवन आणि ट्यूशन एरियात सकाळी सहाला उभं राहिलं तर पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरांची रीघच दिसते. नीटला 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. भाचीचा सगळा भरवसा त्याच विषयावर. सप्टेंबर 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशाचा 70:30 चा विभागीय कोटा (सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना, तीस टक्के बाकी राज्याला) रद्द झाला, तेव्हापासून मराठवाड्यातल्या पोरांना राज्यभरातल्या जागांसाठी एकाच यादीत लढता येतं. शिवाय आता हिंगोली आणि परभणीलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. दाजींच्या डोळ्यासमोर तेच चित्र होतं : पोरगी डॉक्टर होऊन आपल्याच जिल्ह्यात.

मुलींची वसतिगृहं आणि मेस लातूरमध्ये भरपूर आहेत. ती आम्ही पाहिलीही. पण भाची लहानपणापासून अशक्त, रक्त कमी, बाहेरचं अन्न तिला लागत नाही. आणि खरं कारण बोलून दाखवायला हवं : सोळा वर्षांची पोरगी एकटी ठेवायला घर तयार नव्हतं. या भीतीवर मी वाद घातला नाही. मात्र ती भीती घराची आहे आणि तिची किंमत एकटी आक्का मोजणार आहे, एवढं दाजींपुढं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं. उत्तर दिलं नाही, पण नंतरच्या दोन-तीन गोष्टींत ते माझ्या बाजूनं उभे राहिले, ते याच बोलण्यामुळं असं मला वाटतं.

आक्का गेली तर शेतात काय अडेल

जायच्या आधी मी आक्काला तिची सगळी कामं मोजायला लावली. तिला हे विचित्र वाटलं. "रोजचंच तर हाय, त्याला काय सांगायचं?" तरी सांगत गेली. म्हशींची धार आणि चारा. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण बघणं आणि बीजप्रक्रिया. खुरपणीला बाया सांगणं, त्यांचा रोज, कुणाची किती उचल झाली याचा हिशेब. आणि हळदीचं बेणं. मार्चमध्ये सावलीत रचून ठेवलेल्या ढिगातून कुजके, कीड लागलेले गड्डे बाजूला काढून लागवडीचे जेठे गड्डे निवडायचं काम घरात तिच्याएवढं कुणाला जमत नाही. हळद मे-जूनमध्ये लागते आणि क्लास नेमके त्याच वेळी सुरू होतात.

दाजींना बायांची नावं ठाऊक होती, पण कुणाचं घर कुठं, कुणाला आदल्या रात्री सांगावं लागतं, कुणाला नगदी द्यावे लागतात आणि कोण आठवड्यानं घेते, हे आक्काच्या डोक्यात. ते सगळं भाचीनं एका वहीत उतरवलं. ती वही आजही दाजींच्या उशाशी असते. एक म्हैस विकायची ठरली. ती विकताना आक्का गोठ्यात आली नाही.

जायची तारीख मग बेणं निवडून झाल्यावरची ठरली. क्लासवाले "लगेच या, बॅच सुरू झाली" असा रोज फोन करत होते. आठवडाभर उशीर झाल्यानं पोरीचं काही अडलं नाही. बेणं तसंच टाकून निघालो असतो तर वर्षाचं पीक अडलं असतं.

खोली

अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले आणि पहिल्याच वर्षी यादी लांबत गेली. त्यामुळं कॉलेज कुठलं मिळेल ते कळायच्या आधीच आम्हाला घर बघावं लागलं. मे-जूनमध्ये लातूरला खोल्यांचे भाव चढलेले असतात. ट्यूशन एरियाच्या लगतच्या गल्ल्यांत एका-एका मजल्यावर पाच-सहा खोल्या पाडलेल्या, प्रत्येक खोलीत कोपऱ्यात ओटा, दारात चपलांचा ढीग. घरमालकाचा पहिला प्रश्न, "पोरीसाठी घेताय का फॅमिलीसाठी?" आणि दुसरा, "आडनाव काय?" तो प्रश्न कशासाठी असतो ते इथं सगळ्यांना कळतं. दोन ठिकाणी आडनाव ऐकून "कालच दिली हो खोली" असं उत्तर आलं, आणि दारावरची 'रूम भाड्याने देणे आहे' ची पाटी तशीच होती. आक्का माझ्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिसऱ्या दारात तिनं आपणहून आधी आडनाव सांगितलं आणि मग खोली दाखवा म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

निवडीचा खरा प्रश्न दोन खोल्यांमध्ये होता. पहिली क्लासच्या अगदी जवळ, तिसऱ्या मजल्यावर, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडं उघडणारी. दुसरी खाडगाव रोडच्या बाजूला, तळमजल्यावर, मागं चार पावलांचं अंगण, एक शेवग्याचं झाड, कपडे वाळत घालायला तार. क्लास सायकलनं पंधरा मिनिटांवर. भाडं जवळपास सारखंच. क्लासचा माणूस, दाजींचे लातूरचे नातेवाईक, सगळे म्हणाले पहिली घ्या, पोरीचा वेळ वाचेल. मी दुसरीचा आग्रह धरला. पोरगी खोलीत झोपायला आणि रात्री अभ्यासाला असणार. चोवीस तास त्या खोलीत आक्का असणार. जिचा जन्म अंगणात आणि शेतात गेला तिला तिसऱ्या मजल्यावर भिंतीकडं तोंड करून दोन वर्षं बसवायचं असेल तर पोरीला हॉस्टेललाच ठेवा, आक्काला नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. भाची पटकन म्हणाली, "मावशी, मला सायकल चालवायला आवडतं." त्यावर विषय संपला.

पाण्याची चौकशी मी वेगळी केली. लातूरला पाणी मांजरा धरणातून येतं आणि नळ रोज येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते इथल्या घरमालकांना चांगलं आठवतं. म्हणून नळाला किती दिवसांआड येतं एवढंच विचारून भागत नाही. बोअर मे महिन्यात किती वेळ चालतं, मोटार कोण सुरू करतं, टाकी कुणाकुणात आहे, हे जुन्या भाडेकरूला विचारायचं, मालकाला नाही. आम्ही शेजारच्या खोलीतल्या, अहमदपूरच्या एका बाईंना विचारलं. त्यांनी आक्काला चहा करून दिला आणि मोटारीच्या वेळेपासून मालकाच्या स्वभावापर्यंत सगळं सांगितलं. लाइटीचं सबमीटर वेगळं आहे का तेही त्यांच्याकडूनच कळलं.

कागद आणि पैसा

भाडेकरार आक्काच्या नावानं केला. घरमालक म्हणाला, "साहेबांच्या नावानं करू, ते येऊन जातील." दाजी त्या वेळी हजर होते. तेच म्हणाले, "राहणार ती हाय, तिच्याच नावानं करा." महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे शांतपणे सांगितलं, तेव्हा तो अकरा महिन्यांच्या नोंदणीला तयार झाला. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. आम्ही अर्धा-अर्धा खर्च वाटून घेतला. अंगठा आणि फोटो देताना आक्कानं पदर नीट केला आणि मला विचारलं, "आता हे घर माझं का?" मी म्हटलं, अकरा महिने तुझं.

गावचे कागद मात्र आम्ही हलवले नाहीत आणि यावर माझं ठाम मत आहे. अनेक लोक घाईनं आधारचा पत्ता, मतदार यादी, रेशनकार्ड सगळं शहरात आणतात. दोन वर्षांच्या मुक्कामाला ते करायची गरज नाही. पोरीचं अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे सगळं वसमतच्या तहसीलमधूनच निघणार, जात पडताळणीही आपल्याच जिल्ह्याच्या समितीकडं. त्या फायलीत पत्ते दोन झाले की ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. रेशनचं तर सोपंच आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' मुळं आक्का लातूरच्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचं धान्य घेऊ शकते आणि घरचे उरलेलं गावात. कार्डातून नाव कमी करायला लागत नाही. लातूरच्या दुकानदारानं आधी "बाहेरचं कार्ड चालत नाही" असंच सांगितलं. आक्का काउंटरवरून हलली नाही, मशीनवर कार्डाचा नंबर टाकायला लावला आणि धान्य घेऊन आली.

गॅस गावचा गावातच राहू दिला, तिथं सासूबाई आणि दाजी आहेत. लातूरला पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला. तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तिघांच्या स्वयंपाकाला तो पुरत नसला तरी दोघींना चालतो.

पैशावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. घरात ठरलं होतं की दाजी पैसे भाचीच्या मोबाइलवर पाठवतील, कारण "आक्काला ते फोनचं जमत नाही." म्हणजे भाजीच्या पन्नास रुपयांसाठी आईनं सोळा वर्षांच्या पोरीला विचारायचं, तेही ती अभ्यासातून उठेल तेव्हा. हे मला पटण्यासारखं नव्हतं. आक्काचं खातं वसमतच्या बँकेत आहे, जुलै 2024 पासूनचे लाडकी बहीणचे दीड हजार त्यातच जमा होतात. पण खात्याला मोबाइल नंबर दाजींचा जोडलेला, एटीएम कार्ड कधी घेतलेलंच नाही, पैसे काढायला गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा. निघायच्या आधी आम्ही बँकेत जाऊन नंबर तिचा लावला, कार्ड घेतलं, आणि मोबाइलवरून पैसे द्यायला शिकवलं. शिकायला तिला वेळ लागला नाही. जी बाई वीस मजुरांचा आठवड्याचा हिशेब तोंडी ठेवते तिला सहा आकडी पिन लक्षात ठेवणं काय अवघड? अडचण अकलेची नव्हतीच, फोन हातात कधी दिला गेला नव्हता एवढीच होती.

सामान

मे 2025 मध्ये मराठवाड्यात अवकाळी पाऊस भरपूर झाला. आक्काच्या कुरडया आणि पापड अर्धे ओलेच राहिले, तिनं ते चुलीजवळ पसरून वाळवले आणि तसेच बांधले. छोटा हत्ती ताडपत्री बांधून निघाला. वसमत, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. सामानात ज्वारीची दोन पोती, तुरीची डाळ, घरची हळद आणि तिखट, लोणच्याची बरणी, काटवट, तवा, जर्मनची पातेली, दोन वाकळा, पोरीचं टेबल. मी यादी केली होती, पण आक्कानं काय न्यायचं ते स्वतः ठरवलं. काटवटीला जागा नाही असं टेंपोवाला म्हणाला तेव्हा तिनं माझी सुटकेस खाली काढायला लावली. बरोबरच केलं. माझ्या सुटकेसवाचून कुणाचं अडलं नाही, काटवट तिला रोज लागते.

पहिले महिने

पोरगी सकाळी साडेसहाला जायची आणि संध्याकाळी यायची, मधे जेवायला तासभर. आल्यावर अभ्यास. पोरीचा अभ्यास चालू असला की खोलीत टीव्ही नाही, मोबाइलचा आवाज नाही, मोठ्यानं बोलणं नाही. लातूरच्या या भागात संध्याकाळी गल्लीत फेरी मारली की प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई बसलेली दिसते, लसूण सोलत नाहीतर नुसतीच बसलेली, आणि आत ट्यूबलाइट. बीड, परभणी, नांदेड, जालना, धाराशिव, कुठूनकुठून आलेल्या आया. आत पोरं पुस्तकात आणि बाहेर आया गप्प. आक्काही तशीच झाली. फोनवर म्हणायची, "बरं हाय गं. काम संपलं की दिवस संपत नाही." रात्री झोप नाही. अन्न कमी झालं. भाचीच्या ते लक्षातही आलं नव्हतं आणि त्यात तिचा दोष नव्हता, तिच्यावर स्वतःचंच ओझं होतं.

मी शनिवार-रविवार लातूरला जायला लागले. त्या दोन दिवसांत पोरीला वेळ द्यायचा नाही, आक्काला घेऊन बाहेर पडायचं, असं ठरवलं. पहिल्यांदा गंजगोलाई. 1917 ची ती गोल बाजारपेठ, मधे जगदंबेचं मंदिर आणि चारी बाजूंना फुटलेले सोळा रस्ते. नवख्या माणसाला तिथं दिशा कळत नाही. आम्ही मुद्दाम चालत फिरलो : भांड्यांची ओळ कुठली, कापडाची कुठली, कुठल्या रस्त्यानं बाहेर पडलं की शेअर रिक्षा मिळते. पुढच्या वेळी ती पुढं आणि मी मागं. त्यानंतर ती एकटी गेली आणि संध्याकाळी मला फोन करून ज्वारीचा भाव सांगितला, वसमतपेक्षा किती जास्त आहे आणि दुकानदाराला ती काय बोलली तेही. त्या फोनवर तिचा आवाज मला गावातल्यासारखा वाटला. सोमवारी सिद्धेश्वराला जायचं तिनं आपणहून सुरू केलं, अहमदपूरच्या त्या बाई सोबत असतात.

शेत तिनं सोडलं नव्हतंच. दाजी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतात, आधी पोरीसाठी लावायचे, आता शेतासाठी. हळदीला माती कधी लावायची, कुठल्या बाईला सांगायचं, म्हशीनं चारा का सोडला. दाजी फोन बांधावर धरून वाफे दाखवतात आणि ती इकडून सांगते. "त्या कोपऱ्यात पाणी तुंबायलंय बघा, चर काढा." सासूबाईंनी सुरुवातीला तिचं जाणं मनाला लावून घेतलं होतं, आता त्याही कॅमेऱ्यात डोकावतात.

भाकरीचं काम आपोआप आलं. शेजारच्या वसतिगृहातल्या मुलींना मेसमध्ये चपातीच मिळते. भाचीच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा एकीनं खाल्ला, मग दोघींनी मागितला. आक्का आता सकाळी थोड्या भाकरी जास्त टाकते, महिन्याला ठरलेले पैसे घेते. घरमालकाला आधी विचारून घेतलं. पैसे तिच्या खात्यात येतात आणि ते कशाला खर्च होतात हे मी कधी विचारलेलं नाही.

पाऊस

ऑगस्टच्या मध्यात मुखेडकडं पूर आला आणि सप्टेंबरमध्ये सगळ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन काढणीला आलेलं, शेतात पाणी उभं, शेंगांना कोंब. हळदीत पाणी तुंबलं की कंदकूज येते. दाजी फोनवर रडले. आक्काला लगेच निघायचं होतं, पण रस्ते कुठं सुरू कुठं बंद, आणि पोरीची परीक्षा. ते दिवस तिनं खोलीत कसे काढले ते तीच जाणे. मी नांदेडहून वाट मिळाली तशी गावाला गेले. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत शेताचे फोटो काढून ठेवायला दाजींना आक्कानंच फोनवर सांगितलं होतं, गट नंबरच्या दगडासकट. ती गावात असती तर शेतात उतरली असती. इथं बसून तिनं डोकं चालवलं, आणि ते तितकंच कामाचं ठरलं.

सोयाबीन बरंचसं गेलं. क्लासच्या दुसऱ्या हप्त्याला पैसे नव्हते. दाजींनी सावकाराचं नाव काढलं, आक्कानं ते मोडून काढलं. क्लासमध्ये ती स्वतः जाऊन भेटली, पिकाची परिस्थिती सांगितली आणि हप्ता पुढं ढकलून घेतला. मे महिन्यात जी बाई "तुम्ही ठरवा" म्हणत होती, तिचं हे बोलणं मी शेजारी बसून ऐकलं.

धाकटा

या प्रकरणातली सगळ्यात कठीण गोष्ट सातवीतला भाचा. ठरवताना सगळ्यांनी धरलं होतं की तो आजी आणि बापाजवळ राहील. दिवाळीपर्यंत राहिलाही. आक्का महिन्यातून जमेल तसं गावी जायची, एसटीत मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून ते परवडलं तरी. पण दरवेळी निघताना पोरगं बसस्टँडवर बोलायचं नाही. दिवाळीत त्यानं शाळेत जायचंच बंद केलं. दाजी म्हणाले चार दिवसांत सवय होईल. आक्का म्हणाली, "एका लेकरासाठी दुसरं लेकरू मोडायचं का?"

त्याला लातूरला आणायचं ठरलं. एका शाळेत "वर्षाच्या मधे घेत नाही, आधी टीसी आणा" असं उत्तर मिळालं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला टीसी उशिरा मिळाली या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मधे आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. हे मुख्याध्यापकांना लेखी अर्जात लिहून दिलं. ते काही न बोलता मान्य झालं. गावच्या शाळेनं ऑनलाइन नाव पाठवलं, दाखला नंतर आला. खोली आता तिघांना अपुरी पडते, छोटा सिलिंडर लवकर संपतो, भाचीला अभ्यासाला कोपरा कमी पडतो आणि ती तसं बोलूनही दाखवते. पण आक्का जेवायला लागली. पोरगं अंगणात शेवग्याखाली गृहपाठ करतं.

आता कुठं आहे

हळद काढणीला आक्का गावी गेली, तेवढे दिवस सासूबाई लातूरला येऊन राहिल्या. सासूबाईंनी पहिल्यांदाच गाव सोडलं होतं. शिजवणं, वाळवणं, पॉलिश होईपर्यंत आक्का थांबली आणि हळद वसमतच्या बाजारात घालून परत आली. कूज लागून उतारा कमी आला, तरी क्लासचा राहिलेला हप्ता त्यातून भागला.

भाडेकराराचे अकरा महिने संपत आले तेव्हा घरमालकानं भाडं वाढवून मागितलं. मी जायला तयार होते, आक्का म्हणाली थांब, मी बोलते. अंगणातलं नळाचं फुटकं पाइप आणि उन्हाळ्यात दोनदा बंद पडलेली मोटार तिनं आधी पुढं केली आणि मग वाढ निम्म्यावर आणली. नवा करारही तिच्याच नावानं नोंदवला.

भाचीची परीक्षा अजून वर्षभर लांब आहे. तिचे गुण वर-खाली होतात, त्यावर मी इथं काही लिहीत नाही, ते तिचं आहे. घरात सध्या वेगळाच विषय चालू आहे. दाजींचं म्हणणं, नीट झाली की बिऱ्हाड गावी आणायचं. आक्काचं म्हणणं, धाकट्याची दहावी लातूरलाच होऊ द्या, आणि हळदीच्या कामाला मी येत राहीन. दोघं फोनवर भांडतात. मला दोघांनीही मत विचारलं. मी आक्काला एवढंच म्हटलं की यंदा तुम्ही दोघं ठरवाल तेव्हा तू आत भाकरी थापत बसू नकोस, समोर बस.